‘संधान’ : बाणाचं की सलोख्याचं?

खानापूरकर : आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कन्नड बातमीचा फोटो आला. खाली कुणीतरी मथळा देवनागरीत उतरवून दिला : ‘गडी विवाद : संधान सभे’. गडी म्हणजे सीमा हे इथं बेळगावच्या सीमाभागात पोराटोरांनाही ठाऊक आहे, नाहीतर गडीमाणसांचं भांडण समजले असते. पण ‘संधान’वरून पेटलं की! ‘आपल्यातला कोण संधान बांधतोय, नाव सांगा’ सुरू झालं. कन्नडात नेमका अर्थ काय?

टिळकवाडीचा वाचक : तडजोडीची बोलणी, समेट. लोकअदालतीच्या बातम्यांत ‘राजी संधान’ हमखास दिसतं. म्हणजे दोन्ही पक्षांनी आपसात मिटवलं.

मूळ संस्कृत, सम् + धा : एकत्र ठेवणं, जोडणं. ‘संधी’ त्याच धातूतला, आणि जुन्या राजनीतीत संधी म्हणजे तह. मोडलेलं हाड जुळणं ते भग्नसंधान. दोरीला बाण लावणं ते शरसंधान. कन्नडानं तहाची बाजू धरली. आपण बाणाची, मराठी पेपरात ‘विरोधकांवर शरसंधान’ अजून चालू आहे. ‘संधान बांधणे’मध्ये जोडण्याचा अर्थ शिल्लक आहे, पण त्याला फितुरीचा वास. शत्रूशी गुपचूप बांधतात ते संधान. त्यामुळं तुमच्या ग्रुपवाल्यांनी मराठी बरोबरच वाचलं, फक्त मथळा मराठी नव्हता.

वडगाव गल्ली : एवढं कशाला ओ? आमच्याकडं निम्मी माणसं घरात मराठी, बाजारात कन्नड बोलतात. कुणालातरी विचारायचं की.

निपाणीची ताई : बाजारात समोरचा माणूस असतो, दादा. तोंड बघून कळतं भांडतोय की विचारतोय. फॉरवर्डला तोंड नसतं.

2022 चा डिसेंबर आठवा. 6 तारखेला हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली. 14 तारखेला दिल्लीत अमित शहांनी महाराष्ट्र-कर्नाटकाच्या दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवलं, दोन्हीकडच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती ठरली. नेत्यांच्या नावानं उघडलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी आगीत तेल ओतलं, हे शहांनी बाहेर येऊन सांगितलं. असं खातं शोधता येतं, गुन्हा नोंदवता येतो. पण खानापूरकरांच्या ग्रुपवर खोटं काय होतं? फोटो खरा, बातमी खरी, अक्षरं बरोबर. फॅक्ट-चेकवाला ती तपासून ‘सत्य’ असा शिक्का मारून परत पाठवील. व्हॉट्सअ‍ॅपनं 2018 मध्ये भारतात एका वेळी पाचच चॅटवर फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. त्यानं वेग कमी होतो, अर्थ बदलत नाही.

माझं मत विचाराल तर सीमाभागात परका शब्द कमी धोक्याचा. ‘मातुकते’ आला असता तर लोकांनी अर्थ विचारला असता, बोलणी म्हणून कळलं असतं. ‘संधान’ ओळखीचा वाटला म्हणून कुणी विचारलंच नाही.

टिळकवाडीचा वाचक : पटलं. दोन्ही भाषा येणारे जुने वार्ताहर अक्षरं उतरवत नाहीत, अर्थ लिहितात : ‘सीमाप्रश्नी बोलणी’. मोबाइलवाल्यांनी अक्षरांतरालाच भाषांतर केलंय. गणपतीच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता कमिटी बसते, तिथं मंडळांचे ग्रुप चालवणारेही असतातच. ‘अफवा पसरवू नका’ एवढंच सांगून सोडण्यापेक्षा अशा आठ-दहा शब्दांचा कागद दोन्ही भाषांत ग्रुपवर टाकला तर जास्त उपयोग होईल.

खानापूरकर : मग त्या कागदात ‘अनुमान’ घाला. कन्नडात त्याचा अर्थ संशय असा सांगतात, खरं काय?

निपाणीची ताई : होय. ‘अनुमानास्पद सावु’ म्हणजे संशयास्पद मृत्यू. आणि ‘खुलासे’ पहिल्या ओळीत घाला. कन्नड बातमीत आरोपी ‘खुलासे’ झाला म्हणजे कोर्टानं निर्दोष सोडला. आपल्याकडं वाचतील, आरोपीनं खुलासा केला.

वडगाव गल्ली : हे मात्र मला माहीत नव्हतं ओ. कागद झाला की इकडं पण पाठवा.