मदत हवी आहे: आरएक्स १००ला दुसरंच इंजिन बसवलेलं आहे, ठोकलेल्या नंबरवरून ओळखता येईल का?

मंदार_हर्णै | गुरुवार, रात्री ९.४०

काकांची यामाहा आरएक्स १०० परत चालू करायची आहे. इंजिन मूळ गाडीचं नाही. आरसी बुकातला इंजिन नंबर आणि इंजिनावरचा नंबर जुळत नाही. इंजिनावरचा नंबर १११ ने सुरू होतो, पुढचे आकडे नीट लागत नाहीत. बाजूच्या कव्हरवर आणखी वेगळाच नंबर आहे. दापोलीतला स्पेअर पार्टवाला विचारतोय की पिस्टनच्या रिंगा आरएक्स शंभरच्या देऊ की आरएक्स एकशे पस्तीसच्या. तेच मला माहीत नाही. सोमवारी मुंबईला परत जायचंय, त्याआधी सामान घ्यायचं आहे. १११ म्हणजे कुठलं मॉडेल? ज्याला खात्रीने माहीत असेल त्यानेच सांगा.

सडेकर | गुरुवार, रात्री १०.०५

कव्हरवरचा नंबर उठावाचा आहे का खोल ठोकलेला? उठावाचा असेल तर तो ओतकामाच्या साच्याचा नंबर, तो सोडून द्या. कव्हर स्क्रू काढून कुणाचंही कुणाला लागतं. इंजिनाचा खरा नंबर म्हणजे क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, उंचवट्यावर पंचाने ठोकलेला.

आणि तुम्ही निम्मी माहिती दिलीच नाही. गाडी कुठल्या सालची? चेसिस नंबर आरसीशी जुळतो का? गिअर चार का पाच? इंजिन कधी बदललं? फोटो टाका.

बुलेटवाला_खेड | गुरुवार, रात्री १०.२०

आमच्या जुन्या कास्ट आयर्न बुलेटला हा त्रास नाही. ७० चा बोअर म्हणजे सिलेंडरचा व्यास, ९० चा स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव, ३४६ सीसी. इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा. एक बिघडलं तर दुसऱ्याला हात लावावा लागत नाही. टू स्ट्रोकवर पैसे घालण्यापेक्षा बुलेट बघा, घाटात कळेल फरक.

मंदार_हर्णै | गुरुवार, रात्री १०.३१

बुलेट घ्यायची नाहीये. मी इंजिन ओळखायचं विचारलंय.

सडेकर, गाडी १९९२ची, एमएच ०८. चेसिस नंबर हँडलखाली उजव्या बाजूला आहे, तो आरसीशी अक्षर न् अक्षर जुळतो. गिअर चार. काका म्हणतात इंजिन २००६च्या सुमारास बदललं. २००७ला पंधरा वर्षं झाली, नूतनीकरण केलंच नाही, मग गाडी पडवीत उभी राहिली. २०२०च्या जूनमध्ये निसर्ग वादळात पडवीचे पत्रे उडाले आणि गाडी चार महिने पावसात भिजली. कव्हरवरचा नंबर उठावाचाच आहे. फोटो टाकलाय.

बाबल्या_वेंगुर्ला | गुरुवार, रात्री १०.५०

फोटोत काय दिसणा नाय. आधी तां रॉकेलान धू. खाऱ्या वाऱ्यान ॲल्युमिनियमार पांढरो खार धरता, आकडे भरान जातत. तारेचो ब्रश लावू नको, घासान आकडेच जातले. दात घासूचो जुनो ब्रश घे, सुकव, मगे रांगोळी चोळ आणि बॅटरी आडवी धरून बघ. माझी गाडी बंदरार उभी असता, दर पावसाळ्यानंतर मी हेंच करतंय.

टू_स्ट्रोक_सावंतवाडी | गुरुवार, रात्री ११.१५

बाबल्यांचं बरोबर आहे. त्यावर पातळ कागद धरून शिशाची पेन्सिल आडवी घासा. आरटीओत तपासणीच्या वेळी असाच ठसा घेतात.

मला तो १११ वाटत नाही. आरएक्स १००चा नंबर १एल१ ने सुरू होतो. एलची खालची आडवी रेघ खाराने बुजली की तो एकासारखाच दिसतो. ठसा घेऊन मधल्या अक्षराचा पाय बघा.

गॅरेजकर_कुडाळ | शुक्रवार, सकाळी ७.३०

नंबरच्या मागे कशाला लागताय? प्लग काढा, सायकलचा आरा आत सोडा, पिस्टन वर-खाली करून खुणा करा. स्ट्रोक मिळाला की इंजिन कळलं. मी तीस वर्षं असंच ओळखतो.

टू_स्ट्रोक_सावंतवाडी | शुक्रवार, सकाळी ७.५२

इथे तो उपाय चालणार नाही. आरएक्स १००चा स्ट्रोक ५० मिलिमीटर आणि १३५चाही ५०च. फरक बोअरमध्ये आहे. शंभरला ५०, एकशे पस्तीसला ५८. बोअर सेंटिमीटरमध्ये धरून हिशोब करा. ५ गुणिले ५ गुणिले स्ट्रोक ५ गुणिले ०.७८५, आले ९८ सीसी. ५.८ धरून केलं की १३२. आरा दोन्हीकडे तेवढाच हलणार.

गॅरेजकर_कुडाळ | शुक्रवार, सकाळी ८.१०

गिअर चार आहेत ना? मग शंभरच. १३५ला पाच असतात.

सडेकर | शुक्रवार, सकाळी ८.२५

१३५ आधी चार गिअरचीच होती, पाच गिअर नंतर आले. गिअरवरून ठरवू नका.

नारळीबाग | शुक्रवार, सकाळी ९.००

ऑइल पंप चालू आहे का? बरेच जण तो काढून टाकतात आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात. माझं मत, पंप ठेवाच. उतारावर थ्रॉटल बंद असताना मिसळलेल्या पेट्रोलमधून पुरेसं ऑइल जात नाही, पिस्टन जाम होतो. कार्ब्युरेटर मिकुनीचा जुना जपानी असेल तर फेकू नका.

मंदार_हर्णै | शुक्रवार, दुपारी १.१५

ऑइलचं कुणी विचारलं नव्हतं, पण पंप आहे.

ठसा घेतला. रॉकेल, ब्रश, रांगोळी, सगळं केलं. पहिल्यांदा कागदावर तीन सरळ काठ्याच उमटल्या. मग काकांनी सुईच्या टोकाने मधल्या काठीच्या पायथ्याचा खार काढला, अगदी हळू, आणि दुसऱ्या ठशात खाली उजवीकडे जाणारी बारीक रेघ आली. १एल१ आहे. पुढचे सहा आकडे पण लागले, आरसीपेक्षा वेगळे.

मेकॅनिकने हेड आधीच उघडून ठेवलं होतं. पिस्टनच्या डोक्यावर ५० ठोकलेलं आहे. म्हणजे बोअर ५०, गाडी शंभरची. उत्तर मिळालं. सगळ्यांचे आभार, रिंगा शंभरच्या घेतो.

टू_स्ट्रोक_सावंतवाडी | शुक्रवार, दुपारी १.२२

थांबा! रिंगा घेऊ नका.

पिस्टनवरचा ५० म्हणजे बोअर नव्हे. ते बहुतेक ओव्हरसाइजचं माप आहे, अर्धा मिलिमीटर. बोअर मारला, म्हणजे झिजलेला सिलेंडर आतून कापून मोठा केला, की पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० असे वाढत्या मापाचे घालतात आणि तो आकडा डोक्यावर ठोकलेला असतो. शंभरच्या पिस्टनवरही ५० असू शकतो, एकशे पस्तीसच्याही. व्हर्नियर लावून सिलेंडरचा वरचा काठ मोजा. रिंगा तिथवर पोचत नाहीत, त्यामुळे तो भाग झिजलेला नसतो.

आणि १एल१ने कळतं ते क्रँककेसचं. सिलेंडर बोल्टने वर बसतो, तो कुणी कधी बदलला ते नंबर सांगणार नाही.

गॅरेजकर_कुडाळ | शुक्रवार, दुपारी १.४०

शंभरच्या केसवर १३५चा सिलेंडर मी स्वतः बसवलेत. केसचं तोंड थोडं मोठं करावं लागतं, पोर्ट जुळवावे लागतात. २०००च्या आसपास सगळी पोरं हेच करून मागायची. मोजाच.

मंदार_हर्णै | शुक्रवार, संध्याकाळी ६.०५

मोजलं. ५८.५.

मेकॅनिकने मोजलं, मी मोजलं, काकांनी चष्मा लावून मोजलं. केसच्या तोंडालाही कानशीचे ओरखडे दिसतायत. दापोलीत सकाळीच शंभरच्या रिंगा बांधून ठेवायला सांगितल्या होत्या, फोन करून थांबवल्या. काका म्हणत होते की बदललेलं इंजिन आधीच्यापेक्षा जास्त ओढायचं, आम्ही ते कौतुक समजायचो.

सडेकर | शुक्रवार, संध्याकाळी ६.३०

५८ अधिक अर्धा. पिस्टनवरच्या ५०चा अर्थ लागला. सिलेंडर झिजला नसेल तर १३५च्या ०.५० च्या रिंगा. रिंग एकटी सिलेंडरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फिलर गेजने बघा. झिजला असेल तर बोअर मारून ०.७५ चा पिस्टन.

शिक्का_मारा | शुक्रवार, रात्री ८.१०

इतका घोळ कशाला? केसवरचा नंबर घासून टाका आणि आरसीतला नंबर पंच करून घ्या. पंचाचा सेट बाजारात मिळतो. जुन्या गाड्यांत सगळे करतात.

कागदपत्रं_रत्नागिरी | शुक्रवार, रात्री ८.३५

हे अजिबात करू नका. मी पंधरा वर्षं लोकांची आरटीओची कामं करतोय. घासलेली जागा सपाट आणि चकचकीत दिसते, हाताने ठोकलेले आकडे एका रेषेत येत नाहीत, निरीक्षकाच्या लगेच लक्षात येतं. आणि पंच मारला की धातू खालपर्यंत दबतो. वरचा थर घासला तरी प्रयोगशाळेत रसायन लावून जुना नंबर परत उठवता येतो. आज हा फक्त नोंद न केलेला बदल आहे. नंबर घासलात तर गुन्हा होईल, आणि तो तुमच्या काकांच्या नावावर पडेल.

इंजिन बदलणं हाच काही गुन्हा नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ मध्ये त्याची तरतूद आहे. बदल केल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची असते. तुमच्याकडे ते राहून गेलंय. इंजिन घेतल्याची पावती आहे का?

मंदार_हर्णै | शुक्रवार, रात्री ९.००

पावती नाही. महाडच्या एका भंगारवाल्याकडून घेतलं होतं, तो माणूस आता तिथे नाही. नंबर घासणार नाही, काकांना ते सुचवायचीही हिंमत नाही माझी. गाडी त्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलेली पहिली वस्तू आहे. माझ्या दहावीच्या परीक्षेला याच गाडीवरून दापोलीला सोडायचे, रोज.

कागदपत्रं_रत्नागिरी | शुक्रवार, रात्री ९.२५

मग क्रम असा ठेवा. आधी त्या १एल१ नंबरची चोरीची नोंद आहे का ते बघा. त्यासाठी एनसीआरबीची, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची, वाहन समन्वय सेवा आहे. इतकी जुनी नोंद तिथे नसू शकते, म्हणून पोलीस ठाण्यातही लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मग फॉर्म २५, म्हणजे नोंदणी नूतनीकरणाचा अर्ज, घेऊन नूतनीकरणाचं आणि इंजिन बदलाचं एकत्र विचारा. गाडी तपासणीला न्यावीच लागेल.

सीसीचा मुद्दा आहेच. आरसीत ९८ असणार. माझा सल्ला, शंभरचा सिलेंडर, पिस्टन आणि हेड परत बसवा. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन म्हटलं की समजावून सांगणं सोपं जातं.

गॅरेजकर_कुडाळ | शुक्रवार, रात्री ९.४०

केसचं तोंड वाढवलेलं आहे. त्यावर शंभरचा सिलेंडर बसवला तर गॅस्केटला बसायला जागा किती उरते ते बघावं लागेल. फुंकलं तर इंजिन हवा ओढणार आणि पिस्टन जाळणार. कागदासाठी इंजिन मारू नका.

कागदपत्रं_रत्नागिरी | शुक्रवार, रात्री ९.४८

कागद नसेल तर ते इंजिन परत पडवीतच जाईल.

जांभा | शनिवार, सकाळी ६.५०

अवांतर: हर्णैला ताजी सुरमई हल्ली किती वाजता मिळते? पुढच्या आठवड्यात येतोय.

मंदार_हर्णै | शनिवार, दुपारी १२.३०

लिलाव संध्याकाळी असतो, बंदरावर या.

आता नवीन गोष्ट. सकाळी काकांनी माळ्यावरून एक गोणपाट खाली काढलं. आत मूळ इंजिनाची क्रँककेस आहे, दोन अर्धुकं. एक फुटलेलं, म्हणूनच इंजिन बदललं होतं. दुसरं शाबूत, आणि त्यावर नंबर आहे, स्वच्छ, १एल१ आणि पुढचे आकडे आरसीतलेच. इतकी वर्षं ग्रीस लावून कापडात गुंडाळून ठेवलं होतं. मी विचारलं, सांगितलं का नाही? म्हणाले, तू विचारलंस नव्यावरच्या नंबरचं.

हे शाबूत अर्धुक आणि आत्ताच्या इंजिनाचं दुसरं अर्धुक जोडलं तर? नंबर मूळ राहील.

टू_स्ट्रोक_सावंतवाडी | शनिवार, दुपारी १२.४५

नका जोडू. दोन अर्धुकं जोडीने मशीन केलेली असतात, बेअरिंगच्या जागा एकमेकांना जुळवून. वेगळ्या जोडीत क्रँक किंचित तिरका बसला तरी बेअरिंग आणि सील लवकर जातात. फुटलेला तुकडा आहे का? असेल तर अरगॉन वेल्डिंग करून, दोन्ही एकत्र बांधून, खरादवाल्याकडून बेअरिंगच्या जागा तपासून घ्या. हे तोंडही वाढवलेलं नाही, शंभरचा सिलेंडर सरळ बसेल.

गॅरेजकर_कुडाळ | शनिवार, दुपारी १.०५

इथे मात्र सहमत. मूळ केस दुरुस्त होत असेल तर बाकी सगळं सोडा. बेअरिंगच्या जागेतून तडा गेलाय का बाहेरून, ते आधी सांगा.

मंदार_हर्णै | शनिवार, दुपारी १.४०

तडा खालच्या बोल्टच्या कानाला आहे, बेअरिंगपासून तीन बोटं लांब. तुटलेला कान त्याच कापडात गुंडाळलेला आहे. वेल्डिंग आणि खराद करणारा एक माणूस चिपळूणमध्ये आहे असं मेकॅनिक म्हणतो. उद्या पहाटे दोन्ही केस आणि सिलेंडर घेऊन निघतोय. काका पण येतायत.