ब्रेकपेक्षा किक शॉट मोठा

दादा, पूल या टेबलावर काठीने चेंडू मारायच्या खेळात जोरदार ब्रेक, म्हणजे चेंडू फोडणारा पहिला फटका, मारणाराच जिंकतो, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस बघा. १९९४ मध्ये यूएस ओपन ही नाइन-बॉलची (पूलच्या एका प्रकाराची) स्पर्धा जिंकणारा तो पहिला बिगर-अमेरिकन. १९९९ ला नाइन-बॉलचा, २००४ ला एट-बॉलचा जगज्जेता. त्याची खरी ताकद किक शॉटमध्ये. वाट अडलेली असली तरी क्यू बॉल (काठीने मारायचा पांढरा चेंडू) कुशनवरून, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवरून, फिरवून नेमका हव्या त्या चेंडूला लावायचा, वर पुढच्या शॉटची जागाही साधायची! १९९६ ला हाँगकाँगमध्ये त्याने अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलंडला १२०-११७ डावांनी हरवलं. इतक्या लांब सामन्यात नुसता जोर कुठवर पुरणार? आपल्या सोलापुरातली पोरं टेबलावर आली की आधी दणका मारायला बघतात. त्यांना पहिल्यांदा स्टॉप शॉट शिकवा, म्हणजे क्यू बॉल धडकल्या जागीच थांबवणं.