लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर आणि कडबा यंत्र: हाताखाली वापरलेल्यांनी सांगावं

लक्ष्मणराव आपल्याच बेळगाव जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. जन्म २० जून १८६९. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. १९१० मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा ३२ एकर माळ दिला आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांना या अवजारांची खोच कळते, त्यांनी तीच सांगावी. आलेली उत्तरं ठिकाणासह खाली.

उद्यमबाग (बेळगावची औद्योगिक वसाहत), ओतकाम

मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत रंगांचा भेद नीट कळेना म्हणून लक्ष्मणराव यांत्रिक चित्रकलेकडे वळले, आणि ओतकामाची सुरुवात त्या चित्रापासूनच होते. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं, म्हणून मीटरभर मापाला पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना, दहा मिलिमीटर मोठा करावा लागतो. हे विसरलं की बोल्टची भोकं जुळत नाहीत.

नांगराच्या फाळाला धार टिकावी म्हणून साच्यात धारेच्या बाजूला लोखंडी पट्टी बसवतात, तिला चिल म्हणतात. वितळलेल्या बिडाचा रस तिला टेकला की झटकन गोठतो आणि तेवढाच थर पांढरा, कडक होतो. मागचा भाग करडा राहतो. पट्टी कोरडी आणि किंचित कोमट हवी. दमट असली तर रस उडतो, भाजतं, आणि वाचलेल्या फाळात ब्लो होल (वाफेच्या पोकळ्या) राहतात. साच्याच्या वाळूत पाणी तीन ते पाच टक्के. मुठीत दाबलेला गोळा मधोमध मोडला तर दोन्ही कडा टोकदार राहिल्या पाहिजेत. असा फाळ दगडावर मात्र आपटू नये. तो तुटतो, आणि लोहाराच्या भट्टीत ठोकून वाढत नाही, नवाच बसवायचा.

निपाणीकडची काळी जमीन

लोखंडानं जमीन विषारी होते अशी लोकांची समजूत होती. पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षं लागली. लाकडी नांगर माती फाडतो, उलटत नाही. लोखंडी नांगराचा पंख, म्हणजे फाळामागचा वळवलेला पत्रा, तास पालथा घालतो आणि हरळीची मुळी उन्हाला येते. पण पंख आरशासारखा घासलेला हवा. गंजलेल्या पंखाला काळी माती चिकटते आणि बैल ओढ घेत नाहीत. काम संपलं की खरवडून तेलाचं बोट फिरवायचं, रोज.

नांगर किती खोल जाणार ते इसाडाच्या (नांगराच्या लांब दांड्याच्या) टोकाला साखळी अडकवायच्या आकड्यावर ठरतं. साखळी वरच्या भोकात अडकवली की फाळ खोल जातो, खालच्या भोकात उथळ. साखळी आखूड झाली तर इसाड उचललं जातं आणि फाळ मातीतून निसटतो. तेव्हा रुमण्यावर (नांगराच्या मुठीवर) रेटा देऊ नका, साखळी वाढवा.

खानापूर, कडबा यंत्र

पातं फक्त तिरक्या बाजूनं पाजवायचं. सपाट बाजूला सहाण लावली की ती स्थिर पट्टीला नीट बसत नाही. फट पडली की कडबा कापला न जाता दुमडून आत ओढला जातो आणि चाक अडकतं. पाजवून झालं की कागदाची पट्टी धरून चाक हातानं हळू फिरवा. पात्याच्या पूर्ण लांबीत कागद कापला गेला पाहिजे. जिथे फाटतो, तिथल्या बोल्टाचा आटा किंचित आवळा. हे करताना चाकाच्या आऱ्यांत लाकूड अडकवून ठेवा, कारण जड चाक धक्क्यानं फिरतं आणि बोटं पात्यापाशीच असतात. ओला कडबा आत ओढणाऱ्या रोलरभोवती गुंडाळला जातो, म्हणून आधी दिवसभर उन्हात पसरा.