नाताळापर्यंत भिंत वाळेल का? ओलीबद्दल मदत हवी आहे

नमस्कार. नाशिकला शरणपूर भागात आमचं जुनं, विटांच्या भारवाही भिंतींचं बैठं घर आहे. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी दुरुस्ती काढली. बाकी सगळं मार्गी लागलं, फक्त हॉलची पश्चिमेकडची भिंत अडली आहे.

जमिनीपासून साधारण तीन फुटांपर्यंत ओल आहे, त्याच्या वर भिंत कोरडी. पुट्टीला फुगे येतात, नखाने खरवडलं की पांढरा खार भुरभुर पडतो. वॉटरप्रूफ रंग दिला होता, पावसाळ्यात तोही सोलला. पाइप गळत नाही. सगळे नळ बंद ठेवले तर मीटर हलत नाही. त्या बाजूला बाथरूमही नाही. बाहेरची माती मात्र जोत्याच्या वर आली होती, ती आता काढली आहे.

एक मिस्त्री म्हणतात, भिंतीला भोकं पाडून केमिकल भरा. दुसरे म्हणतात, तीन-चार फूट प्लास्टर काढून वॉटरप्रूफ सिमेंटचं करा. पण सिमेंटने ओल आतच कोंडून आणखी वर चढेल, अशी मला धास्ती आहे. चुन्याचं प्लास्टर करणारे कारागीर इथे मिळतात का?

नाताळात मुलं-नातवंडं येतात, त्याआधी आमच्या चर्चच्या मंडळीचा कॅरोलचा (नाताळची गाणी म्हणणारा) गट येतो आणि सगळे याच हॉलमध्ये बसतात. नातवाला दमा आहे, त्यामुळे उग्र वासाचं काही नको. खर्चाचं पाहू, पण काम टिकायला हवं.

आता प्लास्टर काढलं तर डिसेंबरपर्यंत रंग देण्याइतकी भिंत वाळेल, की यंदा ती तशीच उघडी ठेवून उन्हाळ्यात काम काढावं?