जीडीबी डीबगर टाइपमधल्या पॉइंटरच्या जागी नुसता पत्ता दाखवतो. टेस्ट कशी लिहू? मदत हवी आहे

रात्रपाळी: स्वतः बनवलेला टाइप जीडीबीत प्रिंट केला की आतल्या पॉइंटरच्या (मेमरीतल्या दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणाऱ्या घटकाच्या) जागी फक्त पत्ता येतो. याचीच टेस्ट लिहायची आहे. माझ्याकडे पास, सर्व्हरवर फेल. उद्या द्यायचंय, लवकर सांगा.

कंपाइलरकाका: भाषा कुठली? फ्लॅग कोणते? आम्हाला काय स्वप्न पडतंय?

स्मार्टपॉइंटर: पायथनमध्ये प्रिटी प्रिंटर (जीडीबीची छापायची पद्धत बदलणारी स्क्रिप्ट) लिही, विषय संपला. सी प्लस प्लसच्या कंटेनरांसाठी तर ते जीसीसीबरोबर तयारच येतात.

रात्रपाळी: फोरट्रान आहे हो! प्रिटी प्रिंटर नकोय, जीडीबीचं मूळ आउटपुटच तपासायचंय.

स्मार्टपॉइंटर: फोरट्रान? अजून?

कंपाइलरकाका: डब्ल्यूआरएफसारखी हवामानाची मॉडेलं कशात लिहिलीत ते बघा, मग हसा.
रात्रपाळी, अपेक्षित आउटपुटमध्ये पत्ता जसाच्या तसा चिकटवलायस ना? तो मशीनगणिक बदलणारच. डेजाग्नूच्या (टेस्ट चालवायच्या साधनाच्या) स्क्रिप्टमध्ये तिथे 'डॉलर हेक्स' घाल, तो कुठल्याही पत्त्याला जुळतो. आतला माल बघायचा तर प्रिंट करताना नावाआधी * लाव. जीडीबी आपणहून पॉइंटरच्या मागे जात नाही, तेच बरं. स्वतःकडेच बोट दाखवणारा नोड छापायला बसला तर उजाडेल.

रात्रपाळी: केलं. आता एकच अडलंय. जो पॉइंटर नल (कुठेच बोट न दाखवणारा) हवा तो माझ्याकडे शून्य, सर्व्हरवर भलताच आकडा.

सबरूटीनताई: टाइपच्या व्याख्येत => नल() लिहिलंय का? फोरट्रान ९५ पासून तिथेच लिहिता येतं. नसेल तर नलिफाय (पॉइंटर नल करणारी आज्ञा) होईपर्यंत पॉइंटरची अवस्था अनिश्चित. शून्य दिसलं तो योगायोग. आणि ब्रेकपॉइंट (जीडीबी प्रोग्रॅम थांबवतो ती जागा) नलिफायच्याच ओळीवर असेल तर ती ओळ अजून चाललेलीच नसते, खाली घे. ॲरेच्या पॉइंटरला मात्र आकडा न येता 'नॉट असोसिएटेड' येतं, त्याची टेस्ट वेगळी.

स्मार्टपॉइंटर: एवढा खटाटोप कशाला? व्हीएस कोडमध्ये माउस नेला की सगळं दिसतं.

सबरूटीनताई: दादा, त्याच्या मागेही बहुतेक वेळा जीडीबीच राबत असतो. आणि माउस नेऊन टेस्ट रोज रात्री आपोआप कशी चालवणार?

रात्रपाळी: ब्रेकपॉइंट खाली घेतला, दोन्हीकडे पास. ओ२ (कोड वेगवान करणारा कंपाइलरचा फ्लॅग) लावलं की 'ऑप्टिमाइज्ड आउट' येतंय, ते कसं घालवू?

कंपाइलरकाका: ओ२ कुणी लावायला सांगितलं? ओ शून्य ठेव, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद.

नवखा_पुणेकर: पुण्यात फोरट्रानचे क्लास कुठे आहेत? फी किती?