३०० डीपीआयचा बागुलबुवा

भिंगवाला:
बाबांच्या वर्षश्राद्धासाठी १२ बाय १८ इंचाचा फोटो करायला दिला. भाच्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला, १२०० बाय १६०० पिक्सेल. काउंटरवरच्या पोराने फाईल उघडली. "७२ डीपीआय आहे काका, चालणार नाही. ३०० ची आणा." डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके. घरी येऊन फोटोशॉपमध्ये 'रीसॅम्पल'ची खूण काढली आणि ७२ च्या जागी ३०० टाइप केलं. पिक्सेल तेवढेच, एकही वाढला नाही. तीच फाईल परत नेली तर पोरगा खूश: "आता कसं!" मी म्हणतो, ३०० हा निव्वळ बागुलबुवा आहे. चौकातला फ्लेक्स जवळ जाऊन बघा, ठिपके मोजता येतील. तरी वाढदिवसाचे दादा लांबून झकास दिसतातच की.

अल्बमवाली:
पोराचं चुकलं, पण म्हणून तुमचं बरोबर ठरत नाही. फाईलवरचा ७२ चा शिक्का निरर्थक, मान्य. खरा हिशेब पिक्सेल भागिले इंच. तुमचा फोटो ३:४ चा, फ्रेम २:३ ची. बाजू कापून १०६७ बाय १६०० उरणार. १६०० भागिले १८, म्हणजे इंचाला जेमतेम ८९. मी लग्नाचे १२ बाय ३६ चे अल्बम लावते. ३०० ने एका उघडलेल्या जोडपानाला ३६०० बाय १०,८०० पिक्सेल लागतात. ८९ वर शालूची जर म्हणजे नुसता पिवळा पट्टा. मग नवरीची आई मला फोन करते, तुम्हाला नाही.

भिंगवाला:
अहो ताई, अल्बम मांडीवर घेऊन बघतात, भिंतीवरचा फोटो सहा फुटांवरून. चांगल्या नजरेला अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा दिसतो. ढोबळ सूत्र: ३४३८ भागिले अंतर, इंचात. सहा फूट म्हणजे ७२ इंच, तिथे इंचाला ४८ पिक्सेल पुरतात. माझ्याकडे ८९ आहेत!

अल्बमवाली:
आणि हार घालायला सहा फुटांवरून हात पुरतो का? एका फुटावर तुमच्याच सूत्राने २८६ लागतात.

रिकामटेकडा:
एवढा काथ्याकूट कशाला? एआयने मोठा करा, दोन मिनिटांचं काम.

सांजवात:
आम्ही केलं होतं आजोबांचं. हनुवटीवरचा चामखीळ साफ गायब, भुवया कोरल्यासारख्या, गालावर एक सुरकुती नाही. आजी बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "कुणाचे गं हे?" नसलेले पिक्सेल ते अंदाजाने भरतं, आणि त्याने आजोबांना कधी पाहिलेलं नसतं.

अल्बमवाली:
+१. भिंगवाले, भाच्याकडे मूळ फोटो असेलच. त्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे आकार घटत नाही.

भिंगवाला:
मिळाला. ३००० बाय ४०००. कापून २६६७ बाय ४०००, इंचाला २२२. हट्टाने दोन्ही छापून घेतले, आधीचा ८९ वाला आणि हा. शेजारी शेजारी भिंतीला टेकवून आईला सोफ्यावर बसवलं. म्हणाली, "दोन कशाला आणलेस? सारखेच तर आहेत."

रिकामटेकडा:
ताई, हरलात!

भिंगवाला:
थांबा, पुढचं ऐका. मग ती उठली, पदराने दोन्हींच्या काचा पुसल्या. ८९ वाल्याची तीनदा पुसली. तरी म्हणे धूळ जात नाही. शेवटी दुसरा उचलून देवघराशेजारी नेला.

अल्बमवाली:
😊

भिंगवाला:
हसू नका. तोही २२२ चाच आहे, ३०० चा नाही.