उत्तर सायप्रसवर नेमकी बंदी कुणाची?

मृण्मयी: ‘संयुक्त राष्ट्रांनी उत्तर सायप्रसवर व्यापारबंदी घातली,’ असं परवाच्या लेखात बिनदिक्कत ठोकून दिलंय. कुठल्या ठरावात? तुर्की सायप्रियटांनी 1983 मध्ये बेटाचा उत्तर भाग वेगळा देश म्हणून जाहीर केला, त्यावर सुरक्षा परिषदेचा ठराव 541 (1983) म्हणतो, ही स्वातंत्र्याची घोषणा कायद्याने अवैध, मान्यता देऊ नका. व्यापाराचं नाव नाही. कोंडी झाली ती निर्यातीच्या मालासोबतच्या दाखल्यांवरून. 1994 मध्ये युरोपीय न्यायालयाने लिंबूवर्गीय फळं आणि बटाट्याच्या खटल्यात सांगितलं की दाखले सायप्रस प्रजासत्ताकाच्या (म्हणजे दक्षिणेतल्या, जगाने मान्य केलेल्या सरकारच्या) अधिकाऱ्यांचेच चालतील. मूळस्थानाचा दाखला नसेल तर शुल्कसवलत जाते. वनस्पती-आरोग्याचा नसेल तर माल बंदरातच अडतो.

गलबत: सुरक्षा परिषदेचाच ठराव 550 (1984) सोयीस्करपणे गाळलात. फुटीर घटकाला कोणत्याही प्रकारे साहाय्य करू नका, असं त्यात स्पष्ट आहे. 1974 मध्ये तुर्कस्तानने सैन्य उतरवून घेतलेल्या जमिनीवरचा माल कुणी का घ्यावा?

मृण्मयी: ते वाक्य आहे, मान्य. पण निर्बंध म्हणजे ऱ्होडेशियावरचा (आजचा झिंबाब्वे) ठराव 253 (1968): संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या सातव्या प्रकरणाखाली, आयात-निर्यात बंद, सगळ्यांना बंधनकारक. 550 तसा नाही.

अक्षांश: फळं-बटाटे राहू द्या, उत्तरेतल्या एर्जान विमानतळाचं बोला. थेट उड्डाण नाही, आधी तुर्कस्तानात उतरायचं. ब्रिटनहून जाणाऱ्यांना 2017 पासून सामानासकट खाली उतरून पुन्हा तपासणी. म्हातारी माणसं, लहान मुलं, सगळ्यांना. ही शिक्षा कुणाला?

गलबत: शिक्षा कसली? नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो करारानुसार कुठला विमानतळ उघडा ठेवायचा हे सार्वभौम राज्य ठरवतं. प्रजासत्ताकाने उत्तरेतले विमानतळ 1974 मध्येच बंद केले. ब्रिटनच्या अपील न्यायालयानेही 2010 मध्ये तेच धरलं. आणि आकाशातला घोळ बघा: हद्द निकोसिया एफआयआरची (म्हणजे प्रजासत्ताकाच्या नियंत्रकांकडे असलेलं हवाई क्षेत्र), पण अंकारा, म्हणजे तुर्कस्तानचं नियंत्रण, वैमानिकाला एर्जानशी बोलायला सांगतं. एकाच विमानाला दोन नियंत्रक, दोन वेगळ्या उंची. उद्या टक्कर झाली तर?

अक्षांश: मग दोन्ही टॉवरमध्ये थेट फोनलाइन टाका! ‘त्यांच्याशी बोललो तर मान्यता दिल्यासारखं होईल’ हा निकोसियाचा हट्ट प्रवाशांच्या जिवावर का?

गलबत: हट्ट अंकाराचा आहे. तुम्हाला एकच बाजू दिसते.

मृण्मयी: अहो, मान्यता न देताही व्यवहार होतो. 2004 च्या युरोपीय संघाच्या ग्रीन लाइन नियमाने (ग्रीन लाइन म्हणजे उत्तर-दक्षिण विभागणारी रेषा) तुर्की सायप्रियट चेंबर ऑफ कॉमर्सला रेषा ओलांडणाऱ्या मालासोबतचा कागद द्यायचा अधिकार दिला, बटाटे युरोपीय आयोगाने नेमलेले तज्ज्ञ तपासतात. त्याच वर्षी बेट पुन्हा एक करण्याच्या अन्नान योजनेला उत्तरेने 65 टक्के होकार दिला, दक्षिणेने 76 टक्के नकार. तरी उत्तरेशी थेट व्यापाराचा युरोपीय प्रस्ताव तेव्हापासून अडकून पडलाय.

गलबत: ग्रीन लाइन चालते, तेवढं खरं. पण ती प्रजासत्ताकाच्या हद्दीतून चालते, म्हणूनच चालते.